पांढऱ्या जर्सीची बेचाळीस वर्षं : किल्डेअरने एकाच मॅनेजरला दोनदा बोलावलं त्याची हकिगत

हे प्रकरण आयर्लंडमधल्या एका काउंटीच्या गेलिक फुटबॉल संघाचं आहे. संघ, मॅनेजर आणि निकाल सगळे सार्वजनिक नोंदीतले, म्हणून ते नावानिशी दिले आहेत. मैदानावरचे बहुतेक खेळाडू आणि काउंटी मंडळातली माणसं यांची नावं मात्र मुद्दाम गाळली आहेत. हे खेळाडू पगारी नव्हते. दिवसा नोकरी-धंदा आणि संध्याकाळी सराव असं त्यांचं आयुष्य होतं. तेव्हा कोण कुठे चुकला यापेक्षा निर्णय कसे घेतले गेले, हे पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं.

पार्श्वभूमी

डब्लिन शहराच्या पश्चिमेला लागून किल्डेअर काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण वस्ती आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. १९९१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सव्वा लाखाच्याही आत होती. करॅचं मोकळं माळरान, तिथल्या घोड्यांच्या शर्यती, जवळच लष्कराची छावणी, आणि रोज डब्लिनला नोकरीला जाणाऱ्यांच्या वाढत्या वसाहती.

गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा स्वतःचा खेळ. एका बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांपेक्षा जास्त तसाच पळवता येत नाही. तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाने उडवून पुन्हा हातात घ्यायचा. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखी. आडव्या दांडीखालून जाळ्यात मारला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर त्या काळात एक गुण. म्हणून गुणफलक १-१२ असा लिहितात : एक गोल आणि बारा पॉइंट, एकूण पंधरा.

खेळाडूला पगार नाही आणि दुसऱ्या काउंटीने पैसे मोजून त्याला उचलून न्यायचा बाजारही नाही. ज्या गावच्या क्लबकडून खेळता, त्या गावच्या काउंटीची जर्सी. आपल्याकडे गावच्या कबड्डी संघात जी रक्तातली ओढ असते, ती इथे अख्ख्या काउंटीला असते. सगळ्यात मोठा मान ऑल-आयर्लंड स्पर्धेचा. सॅम मॅग्वायर कप. त्याच्या आधी आपापल्या प्रांताचं विजेतेपद. किल्डेअरचा प्रांत लेन्स्टर.

१९२८ मध्ये सॅम मॅग्वायर कप पहिल्यांदा दिला गेला, आणि तो उचलणारा संघ किल्डेअरचा होता. कॅव्हन काउंटीला त्यांनी २-६ विरुद्ध २-५ असं एका गुणाने हरवलं होतं. पायापासून गळ्यापर्यंत पांढरा पोशाख, म्हणून या संघाला लिलीव्हाइट्स म्हणतात. त्यानंतर ऑल-आयर्लंड नाही. लेन्स्टरचं शेवटचं विजेतेपद १९५६ चं. १९९० उजाडलं तेव्हा ज्या पोरांनी जर्सी चढवली होती, त्यांच्यापैकी कुणी जन्मातही किल्डेअरला लेन्स्टर जिंकताना पाहिलेलं नव्हतं.

अडचण नेमकी काय होती

संघ हरतो म्हणजे वाईट आहे, असं बाहेरून वाटतं. किल्डेअर वाईट संघ नव्हता. मधल्या वर्षांत ते लेन्स्टरच्या अंतिम सामन्यांपर्यंत अनेकदा पोचले होते. अडचण तीन पदरी होती, आणि त्यातला एक पदर फार उशिरा ओळखला गेला, असं माझं मत आहे.

पहिला पदर शेजाऱ्यांचा. लेन्स्टरमध्ये डब्लिन आणि मीथ. एक राजधानी, तिच्याकडे माणसांचा डोंगर. दुसऱ्याकडे शॉन बॉयलनसारखा मॅनेजर आणि सामना संपल्याशिवाय हार न मानणारी पोरं.

दुसरा पदर स्पर्धेच्या रचनेचा. त्या काळात प्रांतिक स्पर्धा सरळ बाद पद्धतीची होती. एक सामना हरला की वर्ष संपलं. हरलेल्यांना दुसरी संधी २००१ पासून मिळू लागली. म्हणजे हिवाळाभर चिखलात घाम गाळायचा आणि जूनमधल्या एका दुपारी सत्तर मिनिटांत सगळं आटपायचं. अशा रचनेत संघ शिकणार कधी? चूक कळेपर्यंत पुढची संधी वर्षावर गेलेली असते.

तिसरा पदर नेमबाजीचा. किल्डेअरचे खेळाडू चेंडू ताब्यात ठेवायचे, हाताने छोटे छोटे पास देत पुढे सरकायचे, आणि शेवटचा फटका बाहेर. एक बाहेर, दोन बाहेर, पाच बाहेर. नव्वदच्या दशकात "किल्डेअर" आणि "वाया गेलेले फटके" हे शब्द जोडीनेच बोलले जायचे. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात ते कुणाला ऐकत नव्हते. पण गुण मिळतात ते पोस्टच्या मधून, मधल्या पट्ट्यातून नाही.

समोरचे पर्याय

१९९० मध्ये काउंटीसमोर तीन वाटा होत्या. घरचाच कुणी जुना खेळाडू मॅनेजर करायचा. किंवा घाई न करता शाळा आणि तरुणांच्या संघांवर आठ-दहा वर्षं काम करायचं. किंवा बाहेरून मोठं नाव आणायचं.

पहिल्या वाटेत जिव्हाळा होता, पण हरण्याची सवयही त्याच घरातली होती. दुसरी वाट सगळ्यात शहाणपणाची आणि सगळ्यात अवघड. चौतीस वर्षं थांबलेल्या लोकांना अजून दहा वर्षं थांबा असं कोण सांगणार? तिसऱ्या वाटेला दोन आक्षेप होते : बाहेरचा माणूस आपल्या मातीचा नाही, आणि तो गेल्यावर काय?

किल्डेअरने तिसरी वाट धरली, आणि तीही अर्धवट धरली नाही. थेट मिक ओ'ड्वायर यांना गाठलं.

हे नाव किती मोठं, ते आकड्यांत सांगतो. केरी काउंटीचे ओ'ड्वायर खेळाडू म्हणून चार वेळा ऑल-आयर्लंड विजेते. मग १९७५ ते १९८९ केरीचे मॅनेजर, त्यात आठ ऑल-आयर्लंड : १९७५, १९७८ ते १९८१ ओळीने चार, आणि १९८४ ते १९८६ ओळीने तीन. १९८२ मध्ये ऑफली काउंटीने शेवटच्या मिनिटांत गोल मारला नसता तर ओळीने पाच झाले असते. केरी सोडली तेव्हा वय त्रेपन्न. लोक प्रेमाने "मिको" म्हणत. त्यांचं गाव वॉटरव्हिल, आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला, समुद्राकाठी. तिथून किल्डेअरमधलं न्यूब्रिज तीनशे किलोमीटरहून लांब. सरावासाठी एवढं अंतर यायचं, आणि परत जायचं.

केरीचा देव मानलेला माणूस लिलीव्हाइट्सना शिकवायला येणार, या बातमीनेच काउंटीत जान आली. मी याला छोटी गोष्ट समजत नाही. खचलेल्या संघाला पहिली गरज असते ती कुणीतरी आपल्याला लायक समजण्याची.

पहिली खेप : १९९० ते १९९४

ओ'ड्वायरांची पद्धत जगजाहीर होती. पळवायचं. १९७५ मध्ये केरीच्या पोरांकडून त्यांनी ओळीने सत्तावीस रात्री सराव करून घेतला, ही गोष्ट आयर्लंडमध्ये अजून सांगतात. किल्डेअरमध्ये तेच सुरू झालं. जानेवारीत तिथे साडेचार-पाचलाच अंधार पडतो. कामावरून सुटून पोरं मैदानावर यायची, बूट चिखलात रुतायचे, श्वासाची वाफ दिव्यांच्या उजेडात दिसायची, आणि मैदानाला फेऱ्या. चेंडू नंतर.

फरक पडला. पहिल्याच हंगामात संघ राष्ट्रीय लीगच्या (ही ऑल-आयर्लंडहून वेगळी स्पर्धा) अंतिम सामन्यात गेला आणि डब्लिनकडून दोन गुणांनी हरला. त्या उन्हाळ्यात लेन्स्टरमध्ये लवकर बाद झाला. १९९२ मध्ये लेन्स्टरचा अंतिम सामना : डब्लिनकडून हार. १९९३ मध्ये पुन्हा अंतिम सामना : पुन्हा डब्लिन, पुन्हा हार. १९९४ मध्ये डब्लिनशी बरोबरी झाली, सामना पुन्हा खेळवला गेला आणि तो गेला. ओ'ड्वायर पायउतार झाले.

इथे पहिला मोठा निर्णयबिंदू आहे. चार वर्षांत एकच संघ पुन्हा पुन्हा आडवा येतो. याचा अर्थ काय लावायचा? "अजून जोर लावू" हा एक अर्थ. "आपल्यात काहीतरी कमी आहे आणि ते जोर लावून भरणार नाही" हा दुसरा. पहिल्या खेपेत पहिलाच अर्थ लावला गेला. पळण्यात किल्डेअर डब्लिनच्या बरोबरीला आला होता. पोस्टसमोर आला नव्हता. तंदुरुस्ती सरावातून वाढते. फटका मारणारा पाय सरावाने सुधारतो, पण मुळात तसा पाय लागतो. मॅनेजरही आपल्या यशाच्या सवयीत अडकतो. केरीत पोस्टसमोर अचूक मारणाऱ्यांची रांगच लागलेली होती, तिथे पोरांना पळवलं की काम झालं. किल्डेअरमध्ये ती रांग नव्हती.

मधली दोन वर्षं

ओ'ड्वायर गेल्यावर संघ डर्मट अर्ली यांच्याकडे गेला. हे मूळचे रॉसकॉमन काउंटीचे नावाजलेले खेळाडू, लष्करात अधिकारी, आणि न्यूब्रिजला स्थायिक झालेले. अर्धे बाहेरचे, अर्धे घरचे. त्यांच्या दोन वर्षांत विजेतेपद आलं नाही. पण त्यांच्या घरातला एक मुलगा, वडिलांचंच नाव असलेला, पुढच्या संघाचा कणा होणार होता. या काळाबद्दल लोक घाईने बोलतात. मला वाटतं ही दोन वर्षं वाया गेली नाहीत. एक पिढी थकून बाजूला झाली आणि नवी पोरं वर आली.

परत बोलावण्याचा निर्णय

१९९६ मध्ये काउंटीने पुन्हा ओ'ड्वायरांना बोलावलं. या सगळ्या प्रकरणाचा खरा सांधा मी इथे मानतो. १९९० चा निर्णय धाडसाचा दिसतो, पण आठ ऑल-आयर्लंड जिंकलेल्या माणसाला बोलावण्यात चुकण्याची भीती ती किती? १९९६ चा निर्णय अवघड होता. जो माणूस इथेच चार वर्षं राबून हरला, त्यालाच परत आणायचं. गावात लोक म्हणणार, यांच्याकडे दुसरं कुणी नाही का? आणि त्या माणसानेही साठाव्या वर्षी, सगळं कमावून झाल्यावर, जिथे अपयश आलं तिथेच परत यायचं. वॉटरव्हिल ते न्यूब्रिज तेच अंतर, तोच चिखल.

दुसऱ्या खेपेत काय वेगळं होतं? पळवणं तसंच होतं. दोन गोष्टी बदलल्या.

एक, १९९७ चा उन्हाळा. लेन्स्टरच्या उपांत्य फेरीत समोर मीथ, आदल्या वर्षीचे ऑल-आयर्लंड विजेते. पहिला सामना बरोबरीत. दुसरा जादा वेळेनंतरही बरोबरीत. तिसरा मीथने जिंकला. कागदावर ही हार. पण बाद पद्धतीत जे कधी मिळत नाही ते किल्डेअरला मिळालं : देशातल्या सर्वोत्तम संघाशी काही आठवड्यांत तीन सामने. एका सामन्यात केलेली चूक पुढच्या सामन्यात सुधारायची संधी. त्या पोरांना एरवी जे वर्षावर्षाने एकेक धडा करून मिळत होतं, ते एका उन्हाळ्यात मिळालं. मीथ अजिंक्य नाही, हे कुणी सांगून पटलं नसतं. ते त्यांनी अंगाने अनुभवलं.

दोन, माणसं. १९९८ च्या संघात बाहेरून आलेले तीन खेळाडू होते. एक टिपररीचा बचावपटू, एक कॉर्कचा आघाडीचा खेळाडू, आणि तिसरा आघाडीचा खेळाडू कार्ल ओ'ड्वायर, म्हणजे मॅनेजरचा मुलगा. तो पूर्वी केरीकडून खेळलेला, आणि आता किल्डेअरमधल्या रॅथंगन गावच्या क्लबकडून खेळत होता. तिघेही नियमात बसत होते. राहतात तिथल्या क्लबकडून खेळतात, म्हणून त्या काउंटीचे. तरीही देशभर कुजबुज झाली. विकत नाही तरी आणलेला संघ, अशी.

हा निर्णय मी दोन्ही बाजूंनी तोलून पाहिला आहे. ज्या खेळाचा पायाच "आपलं गाव, आपली जर्सी" हा आहे, त्यात बाहेरची माणसं घेणं मनाला टोचतं, हे खरं. त्यांच्यामुळे घरचं एखादं पोरगं बाकावर बसलं असेल, हेही खरं. पण तिघांपैकी दोघे आघाडीचे, हा योगायोग नाही. पहिल्या खेपेत जी उणीव पळून भरून निघाली नाही, ती यावेळी नेमकी ओळखली गेली होती. राहत्या गावाकडून खेळणाऱ्या माणसाला "परका" म्हणणं मला तरी पटत नाही.

१९९८ चा उन्हाळा

पहिली लढत डब्लिनशीच. बरोबरी. पुन्हा खेळवलेला सामना किल्डेअरने एका गुणाने जिंकला. चार वर्षं ज्या दारावर डोकं आपटलं ते दार एका गुणाने उघडलं. पुढे लीश काउंटीला हरवलं. २ ऑगस्टला अंतिम सामना मीथशी. किल्डेअर १-१२, मीथ ०-१०. तो एक गोल कॉर्कहून आलेल्या आघाडीच्या खेळाडूचा. बेचाळीस वर्षांनी लेन्स्टर पांढऱ्या जर्सीकडे आलं.

मग ऑल-आयर्लंडची उपांत्य फेरी, आणि समोर केरी. गतविजेता केरी. ओ'ड्वायरांचं स्वतःचं घर. केरीच्या बाजूला मॅनेजर म्हणून पॉडी ओ शे, ज्याने ओ'ड्वायरांच्या हाताखाली आठच्या आठ ऑल-आयर्लंड पदकं मिळवली होती. एका बाजूला गुरू, दुसऱ्या बाजूला शिष्य. आणि गुरूचा मुलगा मैदानात, जी जर्सी त्याने एकेकाळी घातली होती तिच्याविरुद्ध. बासष्ट वर्षांचा माणूस त्या रेषेवर उभा आहे. जिंकलो तर आपल्या मातीला हरवलं, हरलो तर ज्यांनी दुसऱ्यांदा विश्वास ठेवला त्यांना निराश केलं. किल्डेअर ०-१३, केरी १-९. तेरा विरुद्ध बारा. एका गुणाने. कार्लनेही त्या दुपारी जीव ओतला.

सत्तर वर्षांपूर्वी पहिला कपही एका गुणानेच आला होता. काउंटीतल्या म्हाताऱ्या माणसांना ते आठवलं नसेल, असं मला वाटत नाही.

२७ सप्टेंबरला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर अंतिम सामना. समोर गॉलवे. त्यांचे मॅनेजर जॉन ओ'माहनी मेयो काउंटीचे, म्हणजे तेही बाहेरचे. मध्यंतराला किल्डेअर तीन गुणांनी पुढे : १-५ विरुद्ध ०-५. गोल अर्लींच्या मुलाचा. मैदानावर एका मॅनेजरचा मुलगा होता आणि आदल्या मॅनेजरचाही.

दुसऱ्या अर्ध्यात गॉलवे वेगळाच संघ होऊन आला. लवकरच पॉड्रिक जॉइसचा गोल, आणि मग लांबून पायाने मारलेले एकापाठोपाठ एक पॉइंट. त्या पस्तीस मिनिटांत गॉलवे १-९, किल्डेअर ०-५. शेवटी १-१४ विरुद्ध १-१०. चार गुणांनी हार.

इथला निर्णयबिंदू मला अजून अस्वस्थ करतो. पुढे असताना किल्डेअर हाताने छोटे पास देत चेंडू सांभाळू शकत होता. मागे पडल्यावर तीच पद्धत महाग पडते. गॉलवे एका लांब फटक्यात जे अंतर कापत होता, त्यासाठी किल्डेअरला सहा-सात पास लागत होते. पद्धत बदलायची तर ती हिवाळ्यातच घोटून ठेवायला हवी होती. सामन्याच्या मध्यात बाकावरून कितीही ओरडलं तरी पाय नवीन सवय शिकत नाहीत.

पुढे काय झालं

१९९९ मध्ये लेन्स्टरचे गतविजेते म्हणून उतरले आणि लेन्स्टरमध्येच बाद झाले. मग २०००.

त्या वर्षीच्या लेन्स्टर अंतिम सामन्यातली दोन मिनिटं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डब्लिनशी पहिला सामना बरोबरीत. पुन्हा खेळवलेल्या सामन्यात मध्यंतराला डब्लिन ०-११, किल्डेअर ०-५. सहा गुणांची पिछाडी. आधीची कितीतरी वर्षं अशाच धावफलकांवर संपली होती. दुसरा अर्ध सुरू झाला, प्रेक्षक अजून जागेवर बसत होते, आणि किल्डेअरचा गोल. लोक ओरडायचे थांबायच्या आत दुसरा. दीड मिनिटाच्या आसपास सहा गुणांची पिछाडी पुसली गेली. उरलेल्या वेळात डब्लिनला फक्त एक पॉइंट मिळाला. शेवटी २-११ विरुद्ध ०-१२. मध्यंतराला सहाने मागे असलेला संघ पाच गुणांनी जिंकला. १९९८ मध्ये मागे पडल्यावर ज्यांना वाट सापडली नव्हती, त्यांना दोन वर्षांनी सापडली. ओ'ड्वायरांनी या संघाला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी या अर्ध्या सामन्याकडे बोट दाखवेन.

उपांत्य फेरीत पुन्हा गॉलवेने रोखलं. २००२ मध्ये लेन्स्टरचा अंतिम सामना डब्लिनकडून दोन गुणांनी गेला आणि ओ'ड्वायरांनी किल्डेअर सोडलं.

आता वय सहासष्ट. पण ते घरी बसले नाहीत. शेजारच्या लीशकडे गेले. लीशने लेन्स्टर जिंकलेलं १९४६ साली. पहिल्याच वर्षी, जुलै २००३ मध्ये, लीश अंतिम सामन्यात पोचला, आणि समोर आला किल्डेअर. लीश २-१३, किल्डेअर १-१३. सत्तावन्न वर्षांनी लीशचं विजेतेपद, आणि तेही पांढऱ्या जर्सीला हरवून. नंतर ते विकलोकडे गेले, मग क्लेअरकडे. सत्तरी ओलांडल्यावरही काम चालूच होतं. ३ एप्रिल २०२५ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते गेले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, १९९२ आणि १९९३ च्या पराभवांनंतर थांबून हिशेब मांडायला हवा होता. किती फटके मारले, किती आत गेले, कुठून मारले, कुणी मारले. हा हिशेब पेन-वहीवर सहज झाला असता. तो मांडला असता तर नेमबाजीची उणीव चार वर्षं आधी कळली असती आणि घरच्याच पोरांमधून आघाडीचे दोन-तीन खेळाडू घडवायला वेळ मिळाला असता. मग कदाचित बाहेरची माणसं लागलीही नसती, किंवा लागली तरी एवढी कुजबुज झाली नसती.

दुसरं, मॅनेजरच्या शेजारी कोण उभं होतं? बारा वर्षांच्या काळात काउंटीने आपलाच एखादा माणूस त्यांच्याजवळ ठेवून पुढचा मॅनेजर म्हणून घडवायला हवा होता. ओ'ड्वायरांकडे जे होतं ते पुस्तकात लिहिता येण्यासारखं नव्हतं. पोरगं कधी थकलंय आणि कधी थकल्याचं सोंग करतंय, बाकावर बसलेल्याशी काय बोलायचं, हरल्यावर बसमध्ये गप्प कधी राहायचं. हे जवळ राहूनच शिकता येतं. ते गेले तेव्हा ही सगळी शिदोरी त्यांच्याबरोबर गेली, आणि वर्षभरात ती लीशच्या कामी आली.

तिसरा मुद्दा पैशाचा आणि वेळेचा. मोठ्या नावाभोवती लोक गोळा होतात, वर्गण्या येतात, मैदान भरतं. तो ओघ असतानाच शाळा आणि तरुणांच्या संघांत ओतायला हवा. विदर्भाच्या रणजी संघाचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, मुंबईचाच अनुभवी वासिम जाफर फलंदाजीला आला, आणि २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा. पंडित गेले, जाफर निवृत्त झाला, आणि २०२४-२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला. तिथे अकादमीचं काम आधीपासून चालू होतं, नागपुरात पोरं तयार होत होती. बाहेरून आलेल्यांनी त्या पोरांना जिंकायचं कसं ते दाखवलं, आणि पोरं मागे उरली.

किल्डेअरचं तसं झालं नाही. २००० नंतर २०२५ पर्यंत लेन्स्टर आलेलं नाही. १९९८ चा कॅप्टन पुढे स्वतः मॅनेजर झाला, त्याने जीव तोडून प्रयत्न केले, आणि २०२४ मध्ये संघ लीगच्या तिसऱ्या विभागात घसरला. २०२५ मध्ये त्यांनी टॅल्टन कप जिंकला. ही ऑल-आयर्लंडच्या खालची, दुसऱ्या फळीतल्या काउंट्यांची स्पर्धा. त्या कपाने काउंटीत आनंद झाला आणि तो खरा होता.

१९९६ च्या निर्णयाला मी आजही उभं राहून दाद देईन. पण त्या निर्णयासोबत दुसरा एक कागद त्याच दिवशी लिहायला हवा होता : हा माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी न्यूब्रिजच्या मैदानावर पोरांना सरावाला कोण उभं करणार.